काठाला लागण्याचे शिक्षण

सेलूहून हिंगणीमार्गे बोरधरणाकडे जाणारा रस्ता वर्धा जिल्ह्यातील सहलीच्या मंडळींना चांगलाच परिचयाचा आहे. बोरचे अभयारण्य १९७० सालचे. २०१४ मध्ये त्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. या अरण्यात शिरणाऱ्या पर्यटकाला आधी चार गोष्टी बजावल्या जातात. वाहनातून उतरू नका, आरडाओरडा करू नका, वाटाड्याचे ऐका. वाघाचे दर्शन अनेकांना होतही नाही. तरी त्याच्या भीतीपोटी ही शिस्त आपण निमूटपणे पाळतो. हाच पर्यटक सुटीत एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी गेला आणि तलावाकाठच्या खिडकीतून त्याने होडीचे तिकीट काढले, की सारी शिस्त संपते. पैसे मोजून होताच वल्हे त्याच्या हाती येते. ते कसे धरावे, होडी कशी वळवावी, आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा काठाला कशी लावावी, हे बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. वाघाहून पाण्याने कितीतरी अधिक माणसे नेली आहेत, याचे स्मरण त्या खिडकीशी कोणालाच राहत नाही.

हे केवळ कल्पनेतले भय नव्हे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची होडी उलटली आणि आठ जण बुडाले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे, आपल्या जिल्ह्याला जिचे नाव लाभले त्या वर्धा नदीत, एकाच नात्यागोत्यातील अकरा माणसे नाव उलटून गेली. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. त्या होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरली होती आणि अनेक मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. सहलीची वही हातात घेऊन मुले मोजणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही घटना विसरू नये अशी आहे.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, काही दिवस नौकाविहार बंद राहतो आणि परवान्यांची चर्चा रंगते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. नावेची नोंदणी, तिची तपासणी, चालविणाऱ्याची पात्रता यांचा विचार त्यात आहे आणि तो आवश्यकच आहे. परंतु भाड्याच्या होडीत चालविणारा असतो कोण? पायडल मारून चालवायच्या होडीत तो असतो दोन तासांपूर्वी बसमधून उतरलेला एखादा कारकून, शेजारी त्याची पत्नी आणि मांडीवर मूल. नावेची तपासणी झाली, नावाड्याची मात्र झालीच नाही. कारण नावाडी गिऱ्हाईकच आहे, हे आपण लक्षात घेतलेले नाही.

नवशिक्याची फजिती भर पाण्यात जितकी होते, तितकीच, किंबहुना अधिक, काठाशी होते. होडीला वाहनासारखा ब्रेक नसतो. वल्हे थांबले तरी ती आपल्या वेगाने पुढे सरकत राहते आणि वारा तिला आडवी नेतो. म्हणून धक्क्याकडे शक्यतो वाऱ्याच्या तोंडाने आणि अगदी सावकाश यावे, म्हणजे वाराच तिला थोपवून धरतो. वाऱ्याच्या पाठबळावर वेगात आलेली होडी धक्क्यावर आदळते. आणि ती थोपविण्यासाठी नवशिका नेमका हात किंवा पाय मध्ये घालतो. भरल्या होडीचे वजन बोटांना पेलत नाही. दुसरी चूक उडी मारण्याची. दोर हातात घेऊन काठावर उडी घेतली की पायाखालची होडी तितक्याच जोराने मागे सरते आणि माणूस दोहोंच्या मधल्या पाण्यात पडतो. होडी टेकेपर्यंत बसून राहावे, आधी दोर खुंट्याला गुंडाळावा, मग एकेकाने, वाकून, होडीच्या मध्यावर पाय ठेवीत उतरावे. पुढून आणि मागून असे दोन दोर बांधावे. गाठ अशी मारावी की ओढ बसली तरी सुटू नये आणि सोडायची म्हटली की एका हिसक्यात सुटावी.

आणखी दोन गोष्टी. छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूला उभे राहणे म्हणजे होडीचा तोल आपण होऊन घालविणे होय. आणि जाकीट बंद लावून अंगात घातले तरच ते जीवरक्षक, नाहीतर ती बसायची गादी. होडी उलटलीच, तर काठ जवळ भासला तरी पोहत सुटू नये. उलटलेली होडीही बहुधा तरंगते, तिला धरून राहावे. हे सारे सांगायला आणि एकदा करवून घ्यायला पाव तास पुरेल.

ज्या देशात नौकाविहार हा जुना छंद आहे, तेथेही हा धडा फुकट मिळालेला नाही. इंग्लंडच्या नॉरफोक भागात सुटीसाठी यांत्रिक नौका भाड्याने घेण्याचा जुना प्रघात आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ग्रेट यारमथ येथे अशी एक नौका धक्क्याला लावताना एक महिला पाण्यात पडून पंख्यात सापडली आणि मृत्यू पावली. शासकीय तपासात, भाडेकऱ्यांना नौका सोपविताना दिलेली माहिती अपुरी होती, यावर बोट ठेवण्यात आले. तेथे निदान काही शिकविण्याची पद्धत होती आणि ती कमी पडली. आपल्याकडे ती सुरूच व्हायची आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, आपल्याकडील मोठ्या दुर्घटना गिऱ्हाइकाच्या अज्ञानाने नव्हे, तर ठेकेदाराच्या लोभाने आणि अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीने घडतात. हे बव्हंशी खरे आहे आणि त्यांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. परंतु होडी किती माणसांची, हे ज्याला ठाऊक आहे, तोच जास्तीचा माणूस आत घेऊ नका असे ठणकावून सांगू शकतो. जाकीट कशासाठी हे कळलेला शिक्षकच, सर्व मुलांना जाकिटे मिळेपर्यंत आम्ही चढणार नाही, असे म्हणू शकतो. शिकलेले गिऱ्हाईक हा धक्क्यावरचा असा निरीक्षक आहे, ज्याचा पगार शासनाला द्यावा लागत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. गर्दीच्या दिवसांत पाव तास कोठून आणायचा? तो रांगेतच आहे. रांगेत ताटकळणाऱ्या दहा-पंधरा जणांना एकदम हा धडा देता येईल. धक्क्याला बांधलेल्या एका होडीवर प्रत्येकाकडून चढणे, उतरणे आणि एक गाठ करवून घेता येईल. ज्याने ती मारली त्यालाच तिकीट. शिकविणारेही दूर शोधायला नकोत. गोव्यात जलक्रीडांचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहेच. पण आपल्या विदर्भातील भोई आणि ढीवर समाजाने डोंगा काठाला लावण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. त्यांना केवळ वल्हे मारणारे मजूर न समजता मानधन देऊन गुरुजी म्हणून धक्क्यावर उभे करावे.

हाताने काम करीत शिकावे, हा विचार १९३७ मध्ये ज्या वर्ध्यातून देशापुढे मांडला गेला, त्या जिल्ह्याला तरी हे नवे वाटू नये. हिंगणीसारख्या गावातील शाळेने सहलीची वर्गणी गोळा करण्यापूर्वी पटांगणात एक खुंटा रोवावा, मुलांच्या हाती दोर द्यावा आणि ती एक गाठ शिकवावी. नाव पाण्यात लोटणे सोपे असते. आत बसवलेल्यांना काठाला आणण्याची जबाबदारी मात्र लोटणाऱ्या प्रत्येकाची आहे.