दुसऱ्या पंगतीची भाजी

गेल्या महिन्यांत आमच्या पूर्णगडच्या घरीं सूनबाईंचें डोहाळजेवण झालें. फुलांची वाडी, पांच पक्वान्नें, कशाचीच उणीव नव्हती. दुसरे दिवशीं मात्र आम्ही सहज स्वयंपाकघरांत डोकावलों, तों त्या एकट्याच पानावर बसलेल्या. पानांत भात, आमटी व लोणचें. माठाची भाजी पहिल्या पंगतीसच संपली होती. रत्नागिरीस नेऊन रक्त तपासविलें. हिमोग्लोबिन ९ ग्रॅम निघालें. गर्भिणीस या महिन्यांत तें निदान ११ असावें लागतें. जन्मभर मुलांस गणित शिकविणाऱ्या आम्हांस घरची ही वजाबाकी दिसली नाहीं, याची लाज वाटली.

१९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीकामगार गर्भिणींच्या पांडुरोगाचें एक कारण निकृष्ट आहार आहे, आणि यीस्टच्या अर्कानें त्या बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तें गुणकारी द्रव्य पुढें पालकाच्या पानांतून काढण्यांत आलें, म्हणून १९४१ सालीं लॅटिनमधील ‘पान’ या शब्दावरून त्यास फोलिक आम्ल हें नांव मिळालें. जें पातेलें आमच्याकडे आधीं रिकामें होतें, त्यांतच तें असतें!

तथापि केवळ भाजीनें लोहाची तूट भरत नाहीं. सरकारी दवाखान्यांत लोह व फोलिक आम्लाची गोळी विनामूल्य मिळते. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, व प्रसूतीनंतर पुनः १८० दिवस घ्यावी; पांडुरोग असल्यास डॉक्टर सांगतील ती मात्रा. गोळी चहाबरोबर घेऊं नये. जेवणांत लिंबू वा आवळा असावा. बाळंतिणीस डिंकाचे व अळिवाचे लाडू अवश्य द्यावे, पण म्हणून भाजी, फळें व पाणी तोडूं नये.

चरकाचार्यांनीं गर्भिणीस तेलानें काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. तें हिंदकळूं नये, एवढाच त्याचा अर्थ. फडताळांत कोंडावें, असा नव्हे. डॉक्टरांची मनाई नसल्यास आठवड्यास १५० मिनिटें चालणें वा तत्सम हालचाल हितावह, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूनबाई आतां सायंकाळीं मुचकुंदीच्या खाडीकडे फेरी मारून येतात.

त्यांचें पानही आतां पहिल्या पंगतींत मांडलें जातें. “आमच्या वेळीं नव्हतीं हीं कौतुकें,” असें त्यांच्या सासूबाई प्रथम म्हणाल्या. मग त्यांनाच आठवलें कीं, दुसऱ्या खेपेस आपण भोंवळ येऊन विहिरीवर पडलों होतों. त्या दिवसापासून वाढप त्याच करतात, आणि भाजीचा पहिला डाव सूनबाईंच्या पानांत पडतो.