डॅकचा डंका

रजेचे पैसे हातात पडले, की शहाणा माणूस प्लॉट घेतो. मुरबाडच्या आमच्या मित्रानं डॅक घेतला. एक नव्हे, दोन! ‘दोन्हींत डावं-उजवं करायला ये,’ असं फर्मान सुटलं आणि रविवारी मी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला पोचलो.

डॅक म्हणजे काय, ते माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला असं समजलं : सीडीत गाणं नसतंच, आकडे असतात. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायचं, हा हिशेब १९८२ पासून चालू आहे. डॅक हा त्यातला कॅशियर. पासबुकातला आकडा बघून तो खिडकीतून रोकड देतो. कॅशियर चोख असला म्हणजे झालं. त्यानं टाय लावला म्हणून शंभराचे एकशे दहा होत नाहीत!

मित्राचं म्हणणं, महागड्या डब्यात तानपुरा ‘उलगडतो’. शिवाय तो सेकंदाला १,९२,००० मापं घेतो. अहो, वीस हजार कंपनांच्या पलीकडचं तरण्या कानालाही ऐकू येत नाही, आणि तेवढ्याला ४४,१०० पुरून उरतात. आम्ही तर चाळिशीतले. वरची रक्कम काय वटवाघळांच्या खात्यात जमा करायची?

महाग डबा जरा मोठ्यानं वाजत होता, एवढंच. मोठ्यानं बोलणारा खरा वाटतो, हे पुढाऱ्यांना केव्हाच कळलंय! मी दोन्ही आवाज सारखे केले, मित्राच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि वायरी बदलायला वहिनींना बसवलं. दहांपैकी पाच उत्तरं बरोबर आली. एवढं यश नाणं उडवूनही मिळतं.

चहा देताना वहिनी हळूच म्हणाल्या, ‘भावोजी, सासूबाईंच्या ओव्यांची कॅसेट आहे हो ट्रंकेत. ती वाजेल का यावर?’

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. कॅसेट काढली, तर मुरबाडच्या पावसानं फितीवर पांढरी बुरशी धरलेली. मित्र गप्प झाला. मी मात्र पेटलो. अरे, डॅक आकड्यांचा आवाज करतो; आईच्या आवाजाचे आकडे कोणी करायचे? त्याला जाणत्या हातानं साफ केलेली फीत, एक टेपरेकॉर्डर, साधा कॉम्प्युटर आणि एक दुपार लागते. खात्यात जमाच नाही आणि तू कॅशियर बदलत बसलायस!

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. का गेली? कोणीतरी ती वेळेवर मुद्रित करून ठेवली होती म्हणून. ऐकायला डॅक कुठला, हा प्रश्न त्यानंतरचा.

तेव्हा वाचकहो, डॅक जरूर घ्या, स्वस्तातला घ्या, पण आधी माळ्यावर चढा. ट्रंकेत जे असेल त्याचा भरणा करून टाका. आमच्या बँकेचं काउंटर निदान पाटी लावून बंद होतं. पावसाचं आणि बुरशीचं तसं नसतं.