टूल बघून घेईल?

व्हीएलएसआय लॅबमध्ये एक मंत्र कायम ऐकू येतो : "सगळं फ्लॅट कर, टूल बघून घेईल!" मला हा मंत्र अजिबात पटत नाही. का, ते सांगते.

समजा, आपल्या चिपमध्ये एकच कोअर १६ वेळा आहे. सगळं फ्लॅट करून टूलच्या हाती सोपवलं, की एका कोअरची मेमरी डावीकडे जाते, दुसऱ्याची वर, तिसऱ्याची कोपऱ्यात. कोअर एक, नकाशे १६! मग टायमिंग बिघडलं की १६ वेगवेगळी दुखणी निस्तरत बसा. त्यापेक्षा एकाच कोअरचा फ्लोअरप्लॅन नीट आखून तोच १६ वेळा ठेवला, तर एकदा केलेली दुरुस्ती सगळीकडे पोचते.

आपलं हॉस्टेलच बघा ना. प्रत्येक खोलीत बटणं दाराशेजारीच, म्हणून वायरमनकाकांचा हात अंधारातही बरोबर पडतो. शेजारच्या दोन खोल्या आरशातल्यासारख्या उलट असतात. चिपमध्येही ब्लॉक असा उलटवता येतो. मात्र ९० अंशांत फिरवलेला सहसा चालत नाही, कारण आतल्या सेल्सच्या आडव्या रांगा उभ्या होऊन बसतात.

हे काही माझं खूळ नाही. कार्व्हर मीड आणि लिन कॉन्वे यांनी १९८० सालच्या आपल्या पुस्तकात नियमित रचनेचाच आग्रह धरला होता. इंटेलने २००७ मध्ये दाखवलेली ८० कोअर्सची संशोधन चिपही एकसारख्या ८० टाइल्स ८ बाय १० अशा मांडूनच बनली होती.

"पण जागा वाया जाते," असं मित्र म्हणतात. जाते, मान्य! काठावरच्या आणि मधल्या कोअरचे शेजारी वेगळे, तरी पिना मात्र सगळ्यांना सोयीच्या जागीच ठेवाव्या लागतात. क्लॉक आणि व्होल्टेजही सगळीकडे सारखे पोचत नाहीत, त्यामुळे शेवटी पूर्ण चिप तपासावी लागतेच. पण थोड्या जागेच्या बदल्यात सबमिशनच्या आधीच्या कित्येक रात्री वाचतात, हा सौदा मला तरी स्वस्त वाटतो.

म्हणून सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. प्रोजेक्टला मार्क देताना नुसता एरियाचा आकडा बघू नका. टूल उघडण्याआधी कागदावर काढलेला नकाशा मागा. उद्या नोकरीत आपण आखलेली चिप दुसरंच कुणीतरी दुरुस्त करणार आहे. त्याला ती समजली पाहिजे. टूल जागा शोधून देईल हो, पण विचार आपल्यालाच करायचा आहे!