न्हाणीघरातील हवा कोणाच्या अखत्यारीत? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

विषय : घरगुती गॅस गिझरमुळे होणाऱ्या हवा-प्रदूषणाचे नियमन करण्याबाबत.

महोदय,

बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार प्रसिद्ध होतात. मार्च २०२३ मध्ये घाटकोपर येथे होळीच्या सुमारास एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही संशय गिझरच्या वायूवरच गेला होता. अशा घटनेनंतर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, वृत्तपत्रांतून खिडकी उघडी ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि विषय तेथेच मिटतो. प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन असे, की हा प्रश्न केवळ घरमालकाच्या सावधगिरीचा नसून हवेच्या प्रदूषणाचा आहे, आणि त्यात हस्तक्षेप करण्याची साधने १९८१ च्या कायद्याने मंडळाच्या व राज्य शासनाच्या हाती आधीच दिलेली आहेत.

वर्धा शहराला लागून वाढत गेलेल्या नालवाडीसारख्या वस्तीत हा प्रश्न स्पष्ट दिसतो. पूर्वी आंघोळीचे पाणी अंगणात किंवा मागीलदारी ठेवलेल्या बंबात तापत असे. त्याचा धूर डोळ्यांना झोंबत असला तरी तो उघड्यावर निघून जाई. लेआऊटमधील घरे आणि फ्लॅट स्कीम यांच्यामुळे अंगण गेले, पाणी तापवण्याचे ठिकाण घरात आले आणि ज्वाला स्नान करणाऱ्याच्या डोक्याशी येऊन टेकली. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाखालील शहरांच्या यादीत विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला यांचा समावेश आहे, वर्ध्याचा नाही. शिवाय तो कार्यक्रम मुख्यतः रस्त्यावरील आणि कारखान्यांभोवतीच्या धूलिकणांकडे पाहतो. त्यामुळे नालवाडीतील न्हाणीघराची हवा दुहेरी अर्थाने मोजमापाबाहेर राहते.

या उपकरणाचे कार्य समजून घेणे येथे आवश्यक आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर साधारण बारा किलोवॅट दराने इंधन जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाच-सहा बर्नरांइतकी उष्णता तो एकटा निर्माण करतो. दहा मिनिटांच्या स्नानात सुमारे दीडशे ग्रॅम एलपीजी जळतो आणि तो पूर्णपणे जळण्यासाठी जवळजवळ दोन घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच सुमारे साडेपाच घनमीटर असते. दार-खिडकी बंद असताना प्राणवायूचे प्रमाण घटू लागते, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला, हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास गळतीची सूचना देतो, परंतु जळून गेलेल्या गॅसला तो वास उरत नाही; म्हणून वास आला नाही याचा अर्थ धोका नाही, ही सर्वसामान्य समजूत येथे घातक ठरते. न्हाणीघरात शुद्ध हरपणे, झटके येणे अशा लक्षणांच्या या समूहास भारतीय वैद्यकीय साहित्यात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावही मिळालेले आहे.

दुसरा वायू यापेक्षा कमी चर्चिला जातो. ज्वालेच्या तीव्र उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो आणि दम्याच्या रुग्णांना विशेष बाधतो. युरोपीय संघाने गॅसवरील जलतापकांसाठी २६ सप्टेंबर २०१८ पासून या ऑक्साइडांची मर्यादा इंधनाच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे ५६ मिलिग्रॅम अशी ठरवली. वरील गिझर ही मर्यादा पाळणारा आहे, खोलीतील हवा बदलत नाही आणि ऑक्साइडांचा केवळ दहावा भाग डायऑक्साइडच्या रूपात आहे असे गृहीत धरले, तरी दहा मिनिटांत त्याचे प्रमाण घनमीटरमागे दोन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेची घरातील हवेसाठीची एका तासाची मार्गदर्शक मर्यादा दोनशे आहे. या ढोबळ हिशेबातून एक निष्कर्ष निघतो : बर्नर कितीही चांगला असला तरी धुराडे नसेल, तर उत्सर्जनाचे मानक एकटे पुरेसे ठरत नाही.

चीनने हाच निष्कर्ष काढून जळालेला वायू खोलीतच सोडणाऱ्या गिझरच्या उत्पादनावर मे १९९९ पासून आणि विक्रीवर मे २००० पासून बंदी घातली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील हवा-नियामक संस्थेने मार्च २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकून, २०२७ पासून नायट्रोजन ऑक्साइडे मुळीच न सोडणारे घरगुती जलतापकच विकता येतील असा नियम केला. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र त्याच दिशेचा प्रस्ताव जून २०२५ मध्ये, ग्राहकांवरील खर्चाचा वाद पेटल्यानंतर, नामंजूर झाला. खर्चाचा विचार न करता केलेला नियम टिकत नाही, हा त्यातील बोध महाराष्ट्रालाही लागू आहे.

भारतात एलपीजीवरील लहान घरगुती जलतापकांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे मानक आहे; परंतु मानक यंत्राची परीक्षा करते, ते ज्या खोलीत बसवले जाते तिची नाही. ही पोकळी भरण्यासाठी हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ उपयोगी पडतो. त्याचे कलम १७ कारखाने व वाहने यांच्याप्रमाणेच, जहाजे व विमाने वगळता, अन्य कोणत्याही स्रोतातून होणाऱ्या उत्सर्जनाची मानके केंद्रीय मंडळाशी विचारविनिमय करून ठरवण्याचे काम राज्य मंडळावर सोपवते. न्हाणीघरातील हवा ‘वातावरण’ या संज्ञेत बसत नाही असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु कलम १९ चे पोटकलम (४) त्याला उत्तर देते. हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रातील वास्तूंमध्ये ‘मान्यताप्राप्त उपकरणा’खेरीज अन्य उपकरण वापरू नये, असा आदेश राज्य शासन मंडळाशी विचारविनिमय करून काढू शकते, आणि या संज्ञेच्या व्याख्येत ज्वलनाचे कोणतेही साधन येते; मान्यता देण्याचा अधिकार मंडळाचा आहे. निरनिराळ्या भागांसाठी आणि उपकरणांसाठी निरनिराळ्या तारखा ठरवण्याची मुभाही त्याच पोटकलमात आहे.

गॅसविरुद्ध मोहीम काढावी असा याचा अर्थ नाही. लाकूडफाट्याच्या धुरातून स्त्रियांची सुटका करण्यात एलपीजीचा वाटा मोठा आहे, आणि विजेच्या भरवशावर न राहता पाणी तापवण्याची गरजही खरी आहे. त्यामुळे वापरणाऱ्यास दंड करण्याऐवजी विक्री आणि जोडणी यांवर नियम हवा. गिझर गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणणे हा उपाय अल्प खर्चाचा आहे. ते शक्य नसेल तेथे धुराडे असलेले, किंवा बाहेरची हवा घेऊन जळालेला वायू बाहेरच सोडणारे बंदिस्त ज्वलनाचे उपकरण लागेल. हे तत्त्व वर्ध्याला परके नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने येथील मगनवाडीतून ‘मगन चूल’ प्रचारात आणली, ती धूर धुराड्यावाटे घराबाहेर नेण्यासाठीच.

यास्तव मंडळाकडे पुढील मागण्या करण्यात येत आहेत. पहिली, घरगुती गॅस गिझरसाठी कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांची मानके कलम १७ खाली ठरवावीत. दुसरी, वायू खोलीत सोडणारे गिझर घराच्या आत बसवण्यास मान्यता नाकारावी आणि कलम १९ (४) खालील टप्प्याटप्प्याच्या अधिसूचनेची शिफारस शासनाला करावी. तिसरी, ‘हे उपकरण न्हाणीघरात बसवू नये’ अशी ठळक मराठी सूचना आणि जोडणी करणाऱ्याचे प्रमाणपत्र विक्रीसोबत बंधनकारक व्हावे, यासाठी संबंधित खात्यांकडे पाठपुरावा करावा. चौथी, नालवाडीसारख्या वस्त्यांतील न्हाणीघरांच्या हवेची हिवाळ्यात नमुना तपासणी करावी. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आणि वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था अशा कामासाठी हाकेच्या अंतरावर आहेत.

यांपैकी चौथ्या मागणीसाठी कोणत्याही नव्या अधिसूचनेची गरज नाही. तिच्यापासून आरंभ केल्यास पुढील नियम अनुमानावर नव्हे, तर येथील मोजमापावर उभे राहतील; म्हणून येत्या हिवाळ्यापूर्वी तिचा कार्यक्रम मंडळाने जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
एक रहिवासी
नालवाडी, जि. वर्धा