शिबिराला जाताना गोळ्यांची पिशवी घरी ठेवू नका

लुंबिनीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून पुंडलिकनगरात आणि आसपासच्या वस्त्यांत मला एकच प्रश्न विचारला जातो. "ताई, तिथं बसल्यावर शुगर जाते का हो?" कुणी बीपीचं विचारतं, कुणी गुडघ्यांचं. एका मावशींनी तर मी परत यायच्या आधीच गोळ्या बंद करून टाकल्या होत्या. विपश्यनेने सगळे आजार मुळापासून जातात, असं त्यांना विहारात कुणीतरी सांगितलं होतं. साखर तपासली तर तीनशेच्या वर निघाली. म्हणून या वेळी हाच विषय.

मी गेले ती तथागतांची जन्मभूमी बघायला. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा ओलांडली की नेपाळ. पासपोर्ट लागत नाही. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभाचं दर्शन घेतलं, आणि आधी नाव नोंदवलेल्या शिबिरात दाखल झाले. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, आर्यमौन. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांना फक्त चहा आणि फळ. फी नाही, शेवटी इच्छेप्रमाणे दान. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून अंगभरच्या संवेदना. दुखलं तरी लगेच हलायचं नाही, दुखण्याकडे शांतपणे पाहायचं.

मला फायदा झाला का? झाला. वीस वर्षं वॉर्डात काढली. लघवी दाबून धरायची, रिकाम्या पोटी पेनकिलर घ्यायची आणि पुढच्या बेडकडे जायचं. आम्ही नर्सेस याला कामाची सवय म्हणतो. तिथे पाचव्या दिवशी नुसती बसलेली असताना छातीत धडधड जाणवली. चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते हेही तिथेच कळलं, कारण लक्ष दुसरीकडे न्यायला काही नव्हतंच. परत येऊन रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4. बाईचं किमान 12 असावं, असं मी गावभर सांगत फिरते! दोन वर्षं पाळी जास्त जात होती आणि "चाळिशीत होतंच" म्हणून मी सोडून दिलं होतं. शिबिराने मला दुखणं ओळखायला शिकवलं. बरं मात्र मी लोहाच्या गोळ्यांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या उपचाराने होते आहे.

सातव्या रात्री माझ्या खोलीतल्या आजी घामाने भिजल्या, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. मधुमेहाची संध्याकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती आणि रात्रीचं जेवण नव्हतं. मी मौन मोडलं. साखरेचं पाणी पाजलं, व्यवस्थापनाच्या ताईंना उठवलं. पंधरा-वीस मिनिटांत आजी भानावर आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना संध्याकाळी खायला मिळू लागलं. तब्येतीसाठी व्यवस्थापनाशी बोलायला मौनात मुभा असतेच, पण प्रवेश नाकारतील या भीतीने आजींनी फॉर्मवर आजार लिहिलाच नव्हता.

गोएंका गुरुजींचीच गोष्ट बघा. ब्रह्मदेशात व्यापारी असताना त्यांची अर्धशिशी इतकी तीव्र होती की मॉर्फिन घ्यावं लागे. परदेशातले डॉक्टर करून झाले, मग 1955 मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी जावी म्हणून आलो म्हटल्यावर सयाजींनी त्यांना आधी घेतलंच नाही. धम्म हा डोकेदुखीवरचा इलाज नव्हे, मनाच्या शुद्धीसाठी येणार असाल तर या, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींचं दुखणं पुढे गेलं, पण ते त्यांनी जोडफळ मानलं. आपल्याकडे मात्र जोडफळाचीच जाहिरात जास्त होते.

विनयपिटकात तर औषधाला मानाची जागा आहे. दुपारनंतर न जेवणाऱ्या भिक्खूंनाही आजारपणात तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ घ्यायला तथागतांनी परवानगी दिली. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदांसोबत स्वतः धुतलं, आणि माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा, असं संघाला बजावलं. 'ध्यान कर, बरा होशील' असं त्याला कुणी सांगितलं नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या त्यांची औषधं आणि पथ्य सांभाळत. तशा तब्येतीत ते 1954 ला रंगूनला आणि 1956 ला काठमांडूला बौद्ध परिषदांना जाऊन आले.

तेव्हा जायचं असेल तर जरूर जा, आपल्या इगतपुरीलाही हेच शिबिर होतं. फॉर्मवर आजार आणि गोळ्यांची नावं खरी लिहा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीचं जेवण नसताना डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना आधी विचारा. दहा दिवसांपेक्षा जास्त गोळ्या आणि चिठ्ठी सोबत न्या, खिशात साखर ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. मिरगी किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय फॉर्मच भरू नका.

मांडी घालून गुडघा दुखतो, त्याच्याकडे पाहत बसा. पण छातीवर दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, एका बाजूची शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तर तिथे समता धरून बसायचं नाही. लगेच सांगायचं. आपल्याकडे 108 ला फोन लावायचा आणि घाटी गाठायची.

एक गोष्ट चळवळीतल्या भावांसाठी. विपश्यना हवी की मोर्चा, हा वाद तुम्ही चहा पीत घालता. वस्तीतल्या बाईला दहा दिवस मिळतात कुठून, हे कुणी विचारत नाही. माझ्या घरी जावेने दहा दिवस स्वयंपाक केला, म्हणून मी जाऊ शकले. तिची पाळी आली की मी करणार आहे.

त्या मावशींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. आता त्यांना इगतपुरीला जायचंय. परवा आम्ही फॉर्म भरायला बसलो, तर आजाराच्या रकान्यात 'काही नाही' लिही म्हणाल्या. मी मधुमेह, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या, सगळं लिहिलं. थोडा वेळ रुसल्या, मग सही केली.