तार काढल्यानंतरची काही मिनिटे

रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर धडकलेली मोटार गॅरेजात आली, की छताचे अस्तर उतरविण्याचे काम बहुधा शिकाऊ मुलाकडे जाते. ते काम त्याला एकट्याला देऊ नये. त्या अस्तराखाली, खिडक्यांच्या वरच्या कडेने, वळकटी करून बसविलेली लांब कापडी एअरबॅग असू शकते. बाजूने धडक बसताच ती पडद्याप्रमाणे खाली उतरते आणि प्रवाशाचे डोके वाचविते. व्होल्व्हो कंपनीने १९९८ साली आणलेला असा पडदा सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात फुगतो.

हा वेग येतो कोठून? अनेक पडद्यांना जोडून एक लहान पोलादी नळकांडे असते. त्यात आर्गॉन किंवा हेलियमसारखा वायू शेकडो वातावरणांच्या दाबाखाली कोंडलेला असतो. चाकातील हवेचा दाब त्यापुढे फुंकरीएवढा. विजेचा अल्प प्रवाह मिळताच दारूची चिमूट पेटते व नळकांड्याचे तोंड फुटते.

बॅटरीची तार काढली की धोका संपला, हा समज अर्धवट आहे. अपघातात बॅटरी निकामी झाली तरी एअरबॅग फुगावी, म्हणून नियंत्रक पेटीत विद्युत्‌भार साठविणारे कपॅसिटर मुद्दाम ठेवलेले असतात. तो भार ओसरण्यास काही मिनिटे लागतात. किती, ते त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत छापलेले असते. तेवढा वेळ हात आवरून बसणे, हेच गॅरेजच्या घाईत सर्वांत अवघड काम होय. त्यानंतर जोडणी सोडवावी; बहुधा ती पिवळ्या रंगाची असते. नळकांड्याला मल्टिमीटर लावू नये, कारण तपासणीचा प्रवाहही दारू पेटवू शकतो. तारांना धरून पडदा उचलू नये, त्यावर ओझेही ठेवू नये. रायपूरचे वैशाखातील ऊन सोसण्याइतका तो पक्का घडविलेला असतो; भंगारवाल्याचा गॅस-कटर मात्र त्याला सोसवत नाही.

उतरविलेला जुना पडदा दुसऱ्या गाडीत बसवावा काय? मुळीच नाही. त्याने किती ओल, किती हिसके सोसले, हे बाहेरून कळत नाही. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडले आणि फुटताना धातूचे तुकडे उडून माणसे मेली. ते रसायन निराळे खरे, परंतु तेथेही वरून काहीच दिसत नव्हते. मोडीत निघालेल्या गाडीतील पडदा प्रशिक्षित माणसाने, सर्वांना दूर ठेवून, जागच्या जागी फुगवूनच निकामी करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलांना इंजिन उघडून दाखवितात. एकदा छताचे अस्तरही उघडून दाखवावे.