चोराला वकील कशाला?



परवा वर्गात सांगत होते, आपल्या शहरात जालना रोडवर हायकोर्टाचं खंडपीठ आहे. तेवढ्यात चौथीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, चोराला पण वकील मिळतो? मग वकील पण चोरच ना?" वर्ग हसला. मला मात्र पटकन उत्तर सुचलं नाही.

मोठी माणसंही हेच म्हणतात. २००९ मध्ये कोर्टाने कसाबसाठी ॲड. अंजली वाघमारे यांना नेमलं, तेव्हा त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. लोकांचा राग खरा होता. पण वकील मिळूनही कसाबला फाशी झालीच. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी मात्र निर्दोष सुटले, आणि सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. त्यांच्यापैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची निकालाआधीच, फेब्रुवारी २०१० मध्ये हत्या झाली होती.

दुसरं उदाहरण नाशिकचं. २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही फाशीच दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली! त्यांची बाजू मांडणं वकिलांनी सोडून दिलं असतं तर?

म्हणूनच संविधानाच्या कलम २२ ने अटक झालेल्याला वकिलाचा हक्क दिलाय. आरोपी दोषी आहे असं मनात वाटलं तरी वकिलाने बचाव करावा, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. अर्थात खोटा पुरावा उभा करणं, साक्षीदाराला धमकावणं हा बचाव नव्हे, तो गुन्हाच.

आता माझी चूक सांगते. मागे वर्गात एकीची कंपासपेटी हरवली. सगळ्यांनी एका मुलाकडे बोट दाखवलं आणि मी त्याला तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पेटी तिच्या घरीच सापडली. मी त्याची माफी मागितली, पण त्याचा चेहरा अजून आठवतो. त्याच्या बाजूने बोलणारं तेव्हा कुणीच नव्हतं.

आता वर्गात तक्रार आली की आरोप असलेल्याच्या बाजूने बोलायला आधी एक मित्र उभा राहतो. निर्णय त्यानंतर. शिक्षा कमी झाल्या असं नाही, पण चुकीच्या शिक्षा नक्कीच कमी झाल्या.

तुम्हीही घरी, शाळेत हे करून बघा. आणि त्या मुलाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं, तेही कळवा.